भागाकार अडतो तेव्हा : संगणकाच्या गाभ्यातील एका अडचणीची ओळख

पांढुर्णा आणि सौंसर या संत्र्यांच्या टापूत भागाकाराची गरज शाळेतील फळ्यापेक्षा बागेत अधिक वेळा पडते. समजा, तोडणी होऊन ५,००० फळे हाती आली आणि एका क्रेटमध्ये १८० फळे मावतात. हिशेब करता २७ क्रेट पूर्ण भरतात आणि १४० फळे उरतात. 'सत्तावीस पूर्णांक सात नवमांश क्रेट' असे उत्तर शाळेच्या वहीत शोभून दिसते. परंतु बागाईतदाराला ते निरुपयोगी असते. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात : किती क्रेट भरले आणि किती फळे उरली. पहिल्या संख्येस भागाकार व दुसरीस बाकी म्हणतात. या प्रकारच्या भागाकारास पूर्णांकी भागाकार असे नाव आहे.

२०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. सौंसर तालुक्याचा समावेश याच जिल्ह्यात होतो. नवीन जिल्हा म्हटला की नवीन कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांबरोबर संगणकही आले. शाळांतून संगणक पूर्वीपासून आहेत व खिशातील मोबाइल हाही एक संगणकच होय. या सर्व यंत्रांच्या अंतर्भागी जो कारभार चालतो, तो बागेतील मोजणीप्रमाणे केवळ पूर्णांकी भागाकारावर चालतो. हा भागाकार कधी कधी एका विशिष्ट ठिकाणी अडतो व यंत्राची मूळ प्रणाली तयारच होऊ शकत नाही. ही अडचण काय आहे व तिचे निवारण कसे करतात, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे. संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या शिक्षकांना ती विशेष उपयोगी पडावी.

गाभा आणि त्याचा हिशेब

संगणकावर पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्र पाहणे ही कामे निरनिराळ्या आज्ञावल्या करतात. या आज्ञावल्यांना स्मृतीतील जागा नेमून देणे, प्रत्येकीला यंत्राचा वेळ वाटून देणे, चकतीवरील मजकूर आणून देणे हे काम ज्या मध्यवर्ती आज्ञावलीकडे असते, तिला कर्नल असे म्हणतात. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली, तो लिनक्स हा आज जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गाभ्यांपैकी एक आहे. अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी तोच आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय प्रणाली प्रसृत केली, तिचाही गाभा लिनक्सच आहे. कोणालाही वाचता यावा, बदलता यावा आणि पुन्हा बांधून घेता यावा, अशा रीतीने त्याचा मूळ मजकूर खुला ठेवलेला आहे.

गाभ्यामध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित सहसा केले जात नाही. यंत्रात अपूर्णांकी गणितासाठी वेगळी कोठारे असतात आणि त्यांत वापरकर्त्याच्या आज्ञावलीचे आकडे ठेवलेले असतात. गाभ्याने ती वापरायची म्हटली, तर आधीचे आकडे दर वेळी बाहेर काढून सुरक्षित ठेवावे लागतील व काम झाल्यावर परत जागेवर ठेवावे लागतील. हा खटाटोप टाळण्यासाठी गाभा लहान एकक पत्करतो आणि सर्व हिशेब पूर्णांकांत करतो. वेळ सेकंदात न मोजता नॅनोसेकंदात मोजतो. म्हणजे एका सेकंदाचे १०० कोटी भाग. रुपयाचा हिशेब पैशांत केला की अपूर्णांक टळतात, तशातलाच हा प्रकार. एकक मात्र सोयीचे हवे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी सुरू झाली, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. त्या पाव पैशाने किराणा दुकानांतून किती घोळ घातला, हे त्या काळच्या मंडळींना चांगले आठवत असे.

लहान एककाचा एक परिणाम असा की आकडे फार मोठे होतात, आणि अडचणीचे मूळ येथेच आहे.

बत्तीस घरांची पाटी

जुन्या व लहान यंत्रांचा प्रक्रियक एका वेळी ३२ बिटांची संख्या हाताळतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक लिहिण्याचे घर. अशा ३२ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही होय. ही संख्या मोठी भासते. परंतु नॅनोसेकंदांत मोजल्यास ती अवघ्या सव्वाचार सेकंदांत ओलांडली जाते! चकतीवरील मोठ्या फायलीचे आकारमान बाइटमध्ये लिहू गेल्यासही ती अपुरी पडते. म्हणून गाभ्यात असे आकडे ६४ बिटांत ठेवतात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत मागणाऱ्या चतुर पुरुषाची आख्यायिका बहुतेकांनी ऐकलेली असेल. पटाची घरे ६४, आणि त्या सर्व दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ एवढी भरते. ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच.

नवीन यंत्रे ६४ बिटांची आहेत. त्यांना ही संख्या एका घासात गिळता येते. ३२ बिटांच्या यंत्राला ती दोन तुकड्यांत ठेवावी लागते. दोन तुकड्यांची बेरीज-वजाबाकी हातचा घेऊन सहज होते, गुणाकारही फारसा अवघड नाही. भागाकार मात्र एका आज्ञेत होत नाही. त्यासाठी आज्ञांची एक छोटी मालिका लिहावी लागते.

ही मालिका प्राथमिक शाळेतील रीतीहून वेगळी नाही. ८७ ला ६ ने भागताना विद्यार्थी प्रथम ८ कडे पाहतो. ६ एके ६, बाकी २. मग ७ खाली उतरवून २७ करतो. ६ चोक २४, बाकी ३. उत्तर १४, बाकी ३. यंत्रही असेच करते. फरक एवढाच की आपला एक अंक ० ते ९ असतो, तर यंत्राचा एक 'अंक' ० ते ४,२९,४९,६७,२९५ असतो. वरच्या तुकड्याला भाजकाने भागून बाकी काढायची, ती खालच्या तुकड्याच्या डोक्यावर ठेवायची आणि पुन्हा भागायचे. भाजक ३२ बिटांत मावत असेल, तर इंटेल जातीच्या प्रक्रियकावर हे काम दोन भागाकारांत आटोपते. भाजक स्वतःच दोन तुकड्यांचा असला म्हणजे गणित बरेच लांबते.

'सोबत जोडले आहे'

गाभ्याचा मजकूर सी या भाषेत लिहिलेला असतो. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि लिंकर सर्व तुकडे एकत्र जोडून एकसंध प्रणाली बांधतो. लेखकाने दोन ६४ बिटी संख्यांमध्ये भागाकाराची तिरपी रेघ काढली आणि प्रणाली ३२ बिटी यंत्रासाठी बांधायची असली, तर कंपायलर ती लांब मालिका स्वतः तेथे लिहीत बसत नाही. 'हे काम अमुक नावाच्या उपआज्ञावलीकडून करून घ्यावे' अशी चिठ्ठी लावून तो मोकळा होतो. इंटेल यंत्रावर या उपआज्ञावलीचे नाव 'यूडिव्हडीआय३' असे असते, तर एआरएम यंत्रावर ते 'यूएलडिव्हमॉड' या अक्षरांनी संपते.

सामान्य आज्ञावलीच्या बाबतीत ही उपआज्ञावली कंपायलरसोबत येणाऱ्या ग्रंथालयात सापडते व काम निर्वेध पार पडते. लिनक्सचा गाभा मात्र इंटेल व एआरएम यंत्रांसाठी बांधताना ते ग्रंथालय जोडलेले नसते. त्यामुळे लिंकर चिठ्ठी वाचतो, शोध घेतो, आणि 'या नावाचा संदर्भ मिळत नाही' असा शेरा मारून थांबतो. कचेरीतील मंडळींना हा अनुभव नवा नाही. पत्राच्या तळाशी 'सोबत : परिशिष्ट' असे ठळकपणे लिहिलेले असते, मात्र पाकिटात परिशिष्टच नसते. पत्र लिहिणाऱ्याची भाषा शुद्ध असते, सहीही असते. तरी आवक कारकून ते पत्र पुढे पाठवू शकत नाही.

ते ग्रंथालय जोडून टाकले तर काय बिघडेल, असा प्रश्न कोणीही विचारील. गाभ्याच्या व्यवस्थापकांनी ते हेतुपुरस्सर टाळलेले आहे. दोन तुकड्यांचा भागाकार हा बेरजेच्या मानाने अनेकपट महाग असतो. गाभ्यातील काही ओळी तर सेकंदाला हजारो वेळा चालतात. लेखकाच्या नकळत तेथे महाग गणित शिरू नये, शिरायचेच असेल तर त्याने ते समजून-उमजून लिहावे, असा हा दंडक आहे. तो योग्यच म्हणावा लागेल. बांधणीच्या वेळी अडणारी चूक ही सर्वांत स्वस्त चूक होय. ती वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नाही.

तथापि या दंडकाची झळ बसते ती नेमकी वेगळ्याच ठिकाणी. आज आज्ञावलीकारांजवळ बहुधा ६४ बिटी यंत्रे असतात. त्यांच्याकडे बांधणी निर्विघ्न पार पडते, कारण तेथे भागाकार एका आज्ञेत होतो. अडचण दिसते ती दूरच्या शाळेत जपून ठेवलेल्या जुन्या संगणकासाठी, स्वस्त राउटरसाठी, अथवा २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायसारख्या लहान यंत्रासाठी बांधणी करताना. म्हणजे चूक एकाची आणि खोळंबा दुसऱ्याचा, असा हा मामला आहे. या कारणास्तव इंटेल कंपनीने चालविलेली एक स्वयंचलित व्यवस्था नवनवीन दुरुस्त्या घेऊन त्या अनेक प्रकारच्या यंत्रांसाठी बांधून पाहते आणि बांधणी अडल्यास संबंधित लेखकास कळविते.

निवारणाचा क्रम

शेरा हाती आल्यावर प्रथम हरवलेल्या उपआज्ञावलीचे नाव नीट वाचावे. नावात 'डिव्ह' असल्यास भागाकार हवा आहे, 'मॉड' असल्यास बाकी. आरंभी 'यू' असल्यास संख्या चिन्हविरहित आहेत, नसल्यास ऋण संख्यांचाही संभव आहे. एआरएम यंत्रावरील नावात भागाकार व बाकी दोन्ही एकत्र असतात. लिंकर बहुधा फाइलचे व फंक्शनचे नावही सांगतो. न सांगितल्यास 'एनएम' हे साधन वापरून कोणत्या तुकड्यात ते नाव अनुत्तरित राहिले आहे हे पाहता येते. अशा नावापुढे इंग्रजी यू हे अक्षर येते.

यानंतर त्या फंक्शनमधील तिरपी रेघ किंवा टक्क्याचे चिन्ह शोधावे. ते नेहमी उघड्यावर असते असे नाही. कधी ते मॅक्रोच्या पोटात असते. 'वर पूर्ण करून भागणे' हा असाच एक मॅक्रो आहे. बागेतील उदाहरणात २८ क्रेट लागतात हे उत्तर हवे असेल, तर ५,००० मध्ये १७९ मिळवून १८० ने भागावे. ५,१७९ भागिले १८० म्हणजे २८. मॅक्रो नेमके हेच करतो; पण त्याच्या नावाकडे पाहून आत भागाकार दडला आहे हे नवख्याच्या लक्षात येत नाही.

रेघ सापडली की तिच्या जागी दुसरे काही घालण्याची घाई करू नये. ही संख्या ६४ बिटांची असणे खरोखर आवश्यक आहे काय, याचा आधी विचार करावा. पुष्कळदा ती सवयीने मोठी ठेवलेली असते. ती कधीच ३२ बिटांबाहेर जाणार नाही अशी खात्री देता येत असेल, तर चल लहान करणे हाच उत्तम उपाय. खात्री नसताना केलेला हा उपाय मात्र घातक ठरतो. वरचा तुकडा गुपचूप कापला जातो आणि शेरा नाहीसा झाल्याने दुरुस्ती झाल्याचा भास होतो. भाजक नेहमी २, ४, ८ अशा दुपटीच्या मालिकेतील असेल, जसे चकतीवरील खंडाचे आकारमान असते, तर भागाकाराऐवजी बिटे उजवीकडे सरकवून काम भागते. दहाने भागताना आपण शेवटचे शून्य काढतो, त्यासारखेच हे आहे.

या दोन्ही वाटा बंद असतील, तर गाभ्याने स्वतः पुरविलेली फंक्शने वापरावी. भाज्य ६४ बिटी व भाजक ३२ बिटी असल्यास 'डिव्ह यू६४'. ऋण संख्या येत असल्यास 'डिव्ह एस६४'. भाजकही ६४ बिटी असल्यास 'डिव्ह६४ यू६४'. बाकी हवी असल्यास 'डिव्ह यू६४ रेम' हे फंक्शन भागाकार परत देते व बाकी वेगळ्या चलात ठेवते. यांपैकी पहिले शक्य तेथे वापरावे, कारण ते सर्वांत स्वस्त आहे.

'डूडिव्ह' नावाचा एक जुना मॅक्रोही प्रचारात आहे. त्याची रीत इतरांहून उलटी आहे. तो भागाकार परत देत नाही. भाज्याच्या चलातच भागाकार लिहून ठेवतो आणि परत देतो ती बाकी. पाच हजार फळे घेऊन गेलेला चल २७ होऊन येतो आणि हाती पडतात १४०. 'क्रेट बरोबर डूडिव्ह' असे समजून लिहिणाऱ्यास २७ ऐवजी १४० क्रेट मिळतात, आणि यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही.

त्याहून मोठा धोका भाजकाचा आहे. डूडिव्ह व डिव्ह यू६४ ही दोन्ही भाजकाचा केवळ खालचा ३२ बिटी तुकडा पाहतात. भाजक ४,२९,४९,६७,३०१ असल्यास वरचा तुकडा गळून तो नुसता ५ उरतो. भाजक ४,२९,४९,६७,२९६ असल्यास उरते शून्य! शून्याने भागण्याची आज्ञा मिळताच इंटेल यंत्र तेथल्या तेथे अपवाद जाहीर करते, आणि हे गाभ्याच्या आत घडले तर संपूर्ण यंत्र बंद पडण्यापर्यंत वेळ येते. खानदेशातील पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे, त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीस 'खहर' असे नाव देऊन तिचे अनंतत्व वर्णिले. यंत्राजवळ अनंत लिहिण्यास घर नाही. त्यामुळे भागण्यापूर्वी भाजक शून्य नाही याची तपासणी लेखकानेच करावयाची असते.

शेरा घालविण्यासाठी 'यूडिव्हडीआय३' हेच नाव देऊन स्वतःची उपआज्ञावली गाभ्यात घुसविण्याचा मार्ग काही जण चोखाळतात. परिशिष्ट नाही म्हणून पाकिटात कोरा कागद घालण्याइतके ते वाईट नाही, कारण उत्तर बरोबर येते. परंतु पहारेकरीच हटविल्यामुळे पुढे कोणी, कोठे महाग भागाकार लिहिला, हे कळण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. गुणाकार आधी की भागाकार आधी, हाही प्रश्न पूर्णांकी गणितात महत्त्वाचा आहे. चारपैकी तीन म्हणजे शेकडा किती, हे काढताना ३ ला आधी ४ ने भागल्यास शून्य येते व त्याला १०० ने गुणले तरी शून्यच राहते. आधी १०० ने गुणून ३०० ला ४ ने भागल्यास ७५ हे खरे उत्तर मिळते. या आधीच्या गुणाकारामुळेच संख्या पुष्कळदा ६४ बिटांत जाते आणि भागाकार अडतो. म्हणून अडलेला भागाकार सोडविताना पदांचा क्रम उलटू नये.

२०३८ सालाचे निमित्त

या गणिताला अलीकडे विशेष महत्त्व आले, त्यास एक कारण घडले. जुन्या ३२ बिटी प्रणालींत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद चिन्हासहित ३२ बिटांत मोजले जात. ही पाटी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. त्यापुढील सेकंदाला घड्याळ ऋण होऊन १९०१ सालात जाते. जमिनीच्या नोंदी, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते असे दीर्घ मुदतीचे व्यवहार पाहता याचे गांभीर्य सांगावयास नको. आर्न्ड बर्गमन प्रभृती तंत्रज्ञांनी अनेक वर्षे खपून गाभ्यातील वेळ ६४ बिटांत नेली आणि मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ या आवृत्तीपासून ३२ बिटी यंत्रांनाही २०३८ ओलांडता येऊ लागले. वेळ ६४ बिटांची झाली की जेथे जेथे सेकंदांचे मिनिट वा नॅनोसेकंदांचे सेकंद करण्यासाठी साधी तिरपी रेघ होती, तेथे तेथे ३२ बिटी बांधणी अडण्याचा संभव निर्माण झाला व त्या जागा निरखून दुरुस्त कराव्या लागल्या.

३२ बिटी यंत्रांचा काळ हळूहळू सरत आहे, हेही खरे. इंटेल ३८६ या मूळ प्रक्रियकाचा आधार लिनक्सने २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत काढून घेतला. 'बॉस' ज्या डेबियन प्रणालीवर आधारलेली आहे, तिने ऑगस्ट २०२५ मधील आवृत्तीपासून जुन्या ३२ बिटी इंटेल संगणकांसाठी गाभा देणे थांबविले. ३२ बिटी एआरएम यंत्रांसाठी मात्र तो दिला जातो. लिनक्सच्या मूळ मजकुरात दोन्ही अद्याप आहेत. जुना संगणक भंगारात काढण्याऐवजी वापरात ठेवू इच्छिणाऱ्या शाळेला ही बांधणी शाबूत राहणे म्हणजे पदरचा खर्च वाचणे होय.

हे सर्व तपासून पाहण्यास जुने यंत्रच हवे असे नाही. ६४ बिटी संगणकावरही 'मेक' या आज्ञेसोबत 'आर्क' या चलास 'आय३८६' हे मूल्य दिल्यास ३२ बिटी गाभा बांधता येतो. एकच फाइल बांधून समाधान मानू नये. कंपायलर तेथे काही बोलत नाही, शेरा येतो तो अखेरच्या जोडणीच्या वेळी. बांधणी पार पडल्यावर नव्या फंक्शनला सीमेवरील संख्या देऊन पाहाव्यात : भाज्य म्हणून ०, १, ४,२९,४९,६७,२९५ आणि त्याहून एकाने मोठी संख्या, भाजक म्हणून १ आणि प्रत्यक्षात येऊ शकेल असा सर्वांत मोठा भाजक. प्रत्येक वेळी भागाकाराला भाजकाने गुणून त्यात बाकी मिळवावी आणि भाज्य परत येते की नाही, हे ६४ बिटी व ३२ बिटी या दोन्ही बांधण्यांवर ताडून पाहावे.